प्लास्टरमधला गुडघा

"अहो, गाडीची किल्ली कुठंय?" बायकोनं पुन्हा विचारलं.

हॉटेलची खोली रिकामी करायची वेळ टळून गेली होती. उशा झटकून झाल्या, गाद्या उलट्या झाल्या, बॅगा भरून पुन्हा उपसून झाल्या. नवरा मात्र मांडीवर एक पांढरं गाठोडं घेऊन खुर्चीत बसला होता. तान्हं बाळ घेऊन बसावं तसा.

नवरा हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायच्या कामाला. सुट्टीला समुद्रावर आला तरी प्लास्टरच्या पट्ट्या बॅगेत होत्याच. प्रवासात कोण कुठं पडेल, काय सांगावं? सोबत बायकोचा थोरला भाऊ, भूगोलाचा प्राध्यापक. मागच्या सुट्टीत त्याला याच किनाऱ्यावर शिंपल्याचा जीवाश्म सापडला होता. तेव्हापासून त्याच्या घरी चहा हवा असेल तर आधी काचेच्या कपाटातल्या शिंपल्याचं दर्शन घ्यावं लागे. यंदा मेव्हण्याची जिरवायचीच, असा पण करूनच नवरा घरातून निघाला होता.

आणि काल कड्याखाली त्याला ते सापडलं.

"गुडघा! कुठल्यातरी अवाढव्य जनावराचा! ही गोलाई बघा, ही खोबण बघा!"

"दगड आहे," मेव्हणा चष्मासुद्धा न पुसता म्हणाला.

"प्रोफेसर, अख्खं आयुष्य गुडघ्यांत गेलंय माझं."

"जिवंत माणसांच्या, भाऊजी. हा दगडच आहे."

नवऱ्याच्या फार जिव्हारी लागलं. त्यातून गुडघ्याला एक बारीक चीर होती, घरी पोचेपर्यंत तडकला तर? त्यानं खोलीत येऊन टेबलावरचा कापूस गोळा केला, तो गुडघ्याभोवती लपेटला आणि वर झकास प्लास्टर चढवलं. शेवटची पट्टी बसवून सवयीनं म्हणालासुद्धा, "हं, आता बोटं हलवून दाखवा."

त्या संध्याकाळपासून गाडीला जणू भूत लागलं. नवरा गाठोड्यावर प्रेमानं थोपटायचा आणि खाली गाडी 'टुइं टुइं' करायची. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. मॅनेजर वर येऊन म्हणाला, "साहेब, गाडीचं काहीतरी बघा."

"बिघडली असेल हो," नवरा ओलसर गाठोडं छातीशी घट्ट धरत म्हणाला. टुइं टुइं.

आता खोली सोडायची वेळही टळल्यावर मात्र बायकोचा संयम संपला. "आधी ते ठेवा खाली आणि किल्ली शोधा!" म्हणत तिनं गाठोड्यावर धपाटा घातला.

टुइं टुइं.

तिनं हळूच बोटानं दाबून पाहिलं. टुइं टुइं.

"अहो, वाळू जाऊ नये म्हणून किल्ली टेबलावर कापसातच ठेवली होती की मी!"

"कापूस तर मी..." नवऱ्यानं मांडीवरच्या गाठोड्याकडे बघितलं.

मेव्हण्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "फोडा! किल्ली निघेल आणि गुडघ्याचाही एकदाचा निकाल लागेल." मॅनेजर तर इतक्या तत्परतेनं हातोडा घेऊन आला, की आदल्या रात्रीची त्याची झोप कशी गेली असेल हे कळावं.

"मी घातलेलं प्लास्टर हातोड्यानं फोडायचं?" नवऱ्याचे डोळे भरून आले. "दोन मिनिटं द्या मला." गाठोडं उराशी धरून तो जिना उतरला. वाटेत ते दाबलं गेलं, गाडीचं लॉक उघडलं. तो आत बसला, गाठोडं मांडीवर ठेवलं आणि सवयीनं त्याचं बोट गाडी सुरू करायच्या बटणावर गेलं. गाडी गुरगुरून सुरू झाली!

नव्या तऱ्हेची गाडी ती. किल्ली लावावी लागत नाही, नुसती जवळ असली की पुरे.

"बसा प्रोफेसर, बसा!" नवरा खिडकीतून ओरडला. मेव्हण्यानं हाती घेतलेला हातोडा मॅनेजरला परत केला आणि घर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

त्यानंतर नवरा दवाखान्यात, मंडईत, पेट्रोल पंपावर, जाईल तिथं ते गाठोडं काखोटीला मारून फिरू लागला. त्याचा हातच प्लास्टरमध्ये आहे असं समजून लोक हळहळून वाट देत. दर रविवारी मेव्हण्याचा फोन ठरलेला, "फोडलं का?" मग एके दिवशी किल्लीतला सेल संपला. कितीही थोपटलं तरी गाडी ढिम्म. नवऱ्यानं दवाखान्यातली प्लास्टर कापायची करवत आणली आणि पडल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात बसला.

बायकोनं करवत काढून घेतली आणि त्याच्यासमोर गाडीची एक नवीकोरी किल्ली ठेवली. "करून आणली मी."

"म्हणजे फोडायचं नाही?" तो थक्क झाला. "तुला बघायचं नाही आत काय आहे ते?"

"मुळीच नाही. हाड निघालं तर तुम्ही जन्मभर ऐकवणार, दगड निघाला तर दादा. दोन्हीकडून ऐकायचं मीच!"

पुढच्या रविवारी मेव्हणा स्वतःच येऊन थडकला. सोफ्यावर टेकतो न टेकतो, तोच बहीण आतून म्हणाली, "दादा, चहा टाकलाय. तोवर कपाटातला आमचा गुडघा बघून घे."