पांढऱ्या उंदरांची सोयरीक

महिपतीला अंबरनाथच्या प्रयोगशाळेत काम लागलं, तेव्हा त्याने गावभर सांगून ठेवलं, "ज्याने बारा म्हशी सांभाळल्या, त्याला दोनशे उंदीर म्हणजे किस झाड की पत्ती!" सहा महिने नीट गेले तर नोकरी कायम, असा डॉक्टर शरदचंद्रांचा शब्द होता. पाच उलटले होते.

उंदीर साधेसुधे नव्हते. डॉक्टरांनी उंदरिणीच्या अंड्यात परका जनुक घालून मधुमेही उंदरांचा नवा वाण काढला होता. त्यांनी जोड्या ठरवल्या, पिंजऱ्यांवर कार्डं लावली आणि महिनाभर दिल्लीला गेले. येताना तिकडचे मोठे साहेब वाण बघायला सोबत येणार होते.

महिपतीने कार्डं वाचली आणि त्याला घामच फुटला. प्रत्येक जोडीतले नर-मादी एकाच आईचे!

बदलापूरला घरी जाऊन त्याने बायकोला, कौसाबाईला, सांगितलं. तिने भाकरी तव्यावर तशीच सोडली.

"सख्ख्या भावाभैनीचं लगीन लावता? आन् ते बी गणपतीच्या वाहनाचं? असला पगार नको मला घरात."

"अगं, डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"त्यास्नी सांगाया कुनी वडीलधारं नसंल. तुमाला मी हाय."

झालं. दुसऱ्या दिवसापासून महिपतीने वधूवर सूचक मंडळच उघडलं. पांढऱ्या पोरी शेजारच्या खोलीतल्या काळ्या उंदरांकडे उजवल्या, तिकडच्या काळ्या पोरी सुना म्हणून आणल्या. कोण कुणाची लेक, कानाला कुठली खूण, कुठल्या पिंजऱ्यात दिली, सगळं वहीत टिपलं. सोयरिकीच्या कामात त्याला हयगय खपत नसे.

महिन्याने डॉक्टर दिल्लीच्या साहेबांना घेऊन आले. पहिलं झाकण काढलं, तर पांढऱ्या बापाशेजारी काळी आई आणि करडी पिल्लं. दुसरं काढलं, तिथेही करडी. तिसऱ्या झाकणापर्यंत खोलीत सगळ्यात पांढरे डॉक्टरच दिसत होते.

"महिपती, हे काय?"

"साहेब, भाऊबहिणी वेगळ्या केल्या. चांगली स्थळं बघून दिलीत. एकीचीही तक्रार नाही."

"अरे, भाऊबहिणीचं लावल्याशिवाय तो जनुक दोन्ही बाजूंनी उतरणार कसा? चार वर्षांचा वाण बुडवलास माझा." डॉक्टर स्टुलावर बसलेच.

नोकरी गेली, हे महिपतीला कळून चुकलं. त्याने गुपचूप वही पुढे केली. दिल्लीच्या साहेबांनीच ती घेतली, पानं उलटली आणि एकेक उंदीर कानावरून पडताळला. सगळे जागच्या जागी सापडले, फक्त सासरी होते.

"शरदबाबू, इतना साफ रेकॉर्ड तो हमारे यहाँ भी नहीं रहता," साहेब म्हणाले.

पोरी माहेरी परत आल्या, वाण वाचला, नोकरी कायम झाली. अट एकच, जोड्या कार्डावरच्याच लावायच्या. महिपती बिचारा लावतो. त्याआधी भिंतीवरचा गणपतीचा फोटो तेवढा उलटा करतो. पगाराच्या दिवशी कौसाबाई आधी वही वाचून घेते, मगच पाकीट हातात धरते. म्हणून हल्ली वहीत प्रत्येक जोडीपुढे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हे लग्न साहेबांच्या जबाबदारीवर.'