खरखरीची चाचणी

तबकडीवर सुई टेकल्यापासून गाणे सुरू होईपर्यंत थोडा वेळ नुसती खरखर ऐकू येते. ऐकणाऱ्याच्या भुवया नेमक्या याच वेळी वर जातात आणि खांदे खाली येतात. गाणे सुरू झाले की दोन्ही आपापल्या जागी परततात. हे निरीक्षण माझे. घरात प्रयोगशाळेत काम करणारी मी एकटीच, त्यामुळे ते ग्राह्य धरले गेले आणि पुढचे सगळे त्यावरच उभे राहिले.

आमचे हे फोनमधल्या गाण्याला तबकडीचे समाधान मिळवून देत आहेत. अशा कार्याला स्वतंत्र खोली लागते. सासूबाईंच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून ती निवडली. सासूबाई तात्पुरत्या हॉलमधल्या दिवाणावर आल्या. (‘तात्पुरत्या’ हा शब्द गेल्या हिवाळ्यातला.)

प्रगती उत्तम आहे. आधी गाण्यात खरखर मिसळली. मग खरी धूळ हवी म्हणून खोली झाडणे थांबवले. तबकडी उलटायला मध्येच उठावे लागते, त्या कष्टांत गोडी असते. म्हणून फोन थोड्या थोड्या वेळाने आपोआप बंद पडेल अशी सोय केली. (पूर्वी तो असाच बंद पडे, तेव्हा हे दुकानदाराशी भांडून आले होते.) शेवटी लक्षात आले की गाण्यामुळे खरखर नीट ऐकू येत नाही. गाणे काढून टाकले.

सासूबाई अधूनमधून विचारत, “माझ्या खोलीचं काय ठरलं?”

“चाचणी होऊ दे गं आई,” हे म्हणत.

मग त्या माझ्याकडे बघत. मी म्हणे, पुरेशा नोंदी अजून हातात नाहीत.

चाचणीला दंतवैद्य, वकील आणि आमचे भाऊजी आले. फोन आणि स्पीकर जोडून केलेले यंत्र दिसले की मत बिघडते, म्हणून ते हॉलमध्ये दिवाणाशेजारी ठेवले आणि खोलीच्या दारावर पडदा सोडला. तिघे आत डोळे मिटून बसले. यांनी रिमोट दाबला.

खरखर आली. मध्येच थांबे, पुन्हा जोरात येई.

“काय ऊब आहे हो,” दंतवैद्य म्हणाले.

“फोनमधून हे येणं शक्य नाही. शपथेवर सांगतो,” वकील म्हणाले.

भाऊजींचे डोळे पाणावले (धुळीचा वाटा वजा करूनही थोडे पाणी उरले). शंभरपैकी सत्त्याण्णव गुण पडले. वकिलांनी तीन गुण तत्त्व म्हणून कापले.

इथे ज्यांना हसू आले, त्यांनी आपल्याला पुस्तक हातात धरून, पानांचा वास घेऊनच का वाचावेसे वाटते, याचे उत्तर तयार ठेवावे.

मी पडदा सरकवला. सासूबाई दिवाणावर बसून जुन्या वर्तमानपत्रांत यंत्र गुंडाळत होत्या. वायर केव्हाच काढून ठेवलेली.

“आई, हे काय चाललंय?” यांनी विचारले.

त्यांनी आणखी एक कागद चुरगाळून खोक्यात कोंबला. आत तिघांच्या भुवया वर गेल्या.

“हे माळ्यावर जातंय,” सासूबाई म्हणाल्या. “आजपासून मी माझ्या खोलीत झोपणार. आणि त्या तिघांना डोळे उघडायला सांग. माझ्या गादीवर बसलेत.”