तिसरीच्या वर्गाची चवळी

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून बाई घरी पोहोचल्या, तेव्हा दारातच फोडणीचा वास आला. त्यांना वाटलं, शेजारचा असेल. आत येऊन पाहतात तर सासरे ओट्यापाशी उभे, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, आणि कढईवर झाकण.

"हात धू आणि बस," अप्पा म्हणाले. "गरम आहे तोवर जेवून घे."

सासूबाई गेल्यापासून अप्पांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. पाणी हवं असलं तरी खुर्चीतून हाक मारायचे, आणि बरेचदा तीही मारायचे नाहीत. दिवसचे दिवस खिडकीबाहेर बघत बसायचे. काही विचारलं तर "हूं," फार झालं तर "बरं." त्यामुळे बाई मुकाट्याने पाटीपुस्तकांची पिशवी ठेवून जेवायला बसल्या. शेजारी नवराही बसला. पोळ्या जरा जगाच्या नकाशासारख्या होत्या, भाजीत बटाटेच जास्त होते आणि मीठ सढळ हाताने पडलं होतं. पण लग्न झाल्यापासून आयतं, वाफाळतं ताट पुढ्यात येण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच.

"अप्पा, फार छान झालीय भाजी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाढून घेतली.

अप्पा कित्येक महिन्यांनी हसले. "त्यात माझं काय? चवळीला मोडच इतके सुंदर आले होते. तुझी सासू फडक्यात बांधायची, तू कापसात ठेवलीस. नवीन पद्धत दिसते."

बाईंचा घास तोंडातल्या तोंडात थांबला. त्यांनी मान वळवून पाहिलं. शाळेतला निळा ट्रे स्वच्छ घासून, उपडा करून ओट्यावर निथळत ठेवला होता.

त्या ट्रेमध्ये त्यांचा तिसरीचा अख्खा वर्ग होता. प्रत्येक मुलाची एक बी, कडेला त्याचा हजेरी क्रमांक. आडव्या-उभ्या ओळी मोजून मुलं गुणाकार शिकली होती, रोज पट्टी लावून मुळाची लांबी घेत होती, आणि सोमवारी त्याचा आलेख काढायचा होता. गणित आणि परिसर अभ्यास एकाच तासात, अशी बाईंचीच कल्पना. शनिवारी नुसती कवायत आणि खेळ असतात, आणि सुट्टीत शाळेत पाणी घालायला कोणी नसतं, म्हणून ट्रे शुक्रवारीच घरी आणला होता.

"काय झालं? खडा लागला का?" अप्पांनी विचारलं.

"नाही नाही. गरम आहे जरा," बाई म्हणाल्या आणि घास गिळला.

जेवणानंतर त्यांनी नवऱ्याला खोलीत ओढलं. "आपण माझा वर्ग खाल्ला," त्या कुजबुजल्या.

नवऱ्याने क्षणभर विचार केला. "चवीला चांगला होता."

"थट्टा सुचतेय तुम्हाला? मुलांना काय सांगू? आणि अप्पांना एक अक्षर बोलायचं नाही हं. आज माणूस खुर्चीतून उठलाय. कळलं तर पुन्हा जाऊन बसतील."

हे मात्र नवऱ्यालाही पटलं. संध्याकाळी बाईंनी वाणसामान भरताना चवळी आणली आणि वाडगाभर भिजत घातली. मूळ चिमुकलं दिसलं तरी वेळ मारून नेता आली असती. रविवारी सकाळी त्या उठेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या चालू झाल्या होत्या.

"तू बोलत नाहीस, पण मी ओळखलं," अप्पा खुशीत म्हणाले. "कालची आवडली म्हणूनच भिजवलीस ना?"

"हो ना," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

उरलेली चवळी भिजवून नवऱ्याने डबा स्वतःच्या कपाटात, शर्टांच्या मागे दडवला. दुपारी अप्पा इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले आणि डबा हातात घेऊनच बाहेर आले.

"अगं, लपवून कशाला ठेवायची? इतकी आवडते तर मोकळेपणाने सांग की."

रात्रीच्या जेवणाला चवळी. अप्पांनी या वेळी मीठ बेताने घातलं होतं आणि जेवताना, कोणी न विचारता, सासूबाई पहिल्यांदा स्वयंपाक करताना कशा गडबडल्या होत्या ते सांगितलं. नवरा बायको एकमेकांकडे पाहत, मान डोलावत जेवत राहिले.

सोमवारी मुलं पट्ट्या सरसावून बसली होती. बाईंनी रस्ताभर सबबी जुळवल्या होत्या, पण इतक्या डोळ्यांसमोर एकही टिकेना.

"मुलांनो, आपल्या बियांची भाजी झाली," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांना वाटलं, जेवणासाठीच ठेवल्यात."

मग पहिल्या बाकावरच्या बडबडीने हात वर केला. "बाई, माझी पण खाल्ली?"

"हो गं."

"कशी लागली?"

"छान लागली," बाई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं.

बडबडीने मागे वळून सगळ्यांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. झालं, प्रत्येकाला आपापल्या बीची चव जाणून घ्यायची होती. "बाई, जेवायला किती जण होते?" "तिघं." वर्गाने चटकन भागाकार मांडला. "छत्तीस भागिले तीन. बाई, तुम्ही आमच्यातले बारा जण खाल्लेत!"

"पण आजोबांच्या पोटात झाड आलं तर?" कोणीतरी काळजीने विचारलं. मग शिजलेली बी रुजत का नाही, इथपासून आपलं अन्न कुठून येतं इथपर्यंत तास असा रंगला, की घंटा कधी झाली ते कळलं नाही.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ राहिला नाही. बडबडी त्यांच्याच गल्लीत राहायची. संध्याकाळी फाटकाशी उभ्या असलेल्या अप्पांना तिने गाठलं. "आजोबा, सगळ्यात लांब मूळ होतं ना, ते माझं. तुम्हीच खाल्लंत."

बाई घरी आल्या तेव्हा अप्पा खुर्चीत बसले होते.

"मला सांगितलं का नाहीस?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही इतक्या मायेने केलं होतंत, अप्पा. आणि मला खरंच बरं वाटलं होतं."

अप्पा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "उद्या मीही येतो शाळेत."

मंगळवारी पांढरा स्वच्छ सदरा घालून, चवळीची पिशवी घेऊन अप्पा तिसरीच्या वर्गापुढे उभे राहिले. आधी त्यांनी मुलांची रीतसर माफी मागितली. मग प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बी ठेवली, आणि थंडीत मोड लवकर यावेत म्हणून त्यांची बायको भांडं जुन्या लोकरीत कसं गुंडाळायची, ते सांगितलं. तिच्याविषयी सांगताना त्यांचा आवाज कापला नाही. दाराशी उभ्या असलेल्या बाईंनी मात्र पदराने डोळे टिपले. मुलांनी दर मंगळवारी मोजमापाला येण्याचं वचन घेतल्यावरच आजोबांना सोडलं.

घरी परतताना अप्पा जरा घुटमळले. "सूनबाई, तुझ्यापाशी लपवून काय करू? चवळी मला लहानपणापासून घशाखाली उतरत नाही. तुला आवडते म्हणून रांधत होतो."

बाई रस्त्यातच थांबल्या. "अप्पा, मलाही नाही आवडत. तुम्ही केलीत म्हणून खात होते."

दोघं हसत हसतच घरात शिरले. आत नवरा कमरेला पंचा गुंडाळून ओट्यापाशी उभा होता. कपाळावर घाम, नाकाला हळद.

"बसा दोघंही," तो म्हणाला. "तुम्ही दोघं माझ्यासाठी इतकं करता. आज म्हटलं, तुमच्या आवडीचं मी करावं. मोड नाहीत, पण चवळी चांगली शिजलीय."

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने अप्पांकडे पाहिलं.

"वा," अप्पा म्हणाले आणि ताट पुढे केलं. "वाढ बाबा. जरा जास्तच वाढ."