बुवाचा आवाज बसला

रमणनाना बाविस्करांनी एकदा एका जिवंत माणसाचं सुतक पाळलं होतं. माणूस इंग्लंडातला, गिटार घेऊन रॉक गाणारा. नाना धुळ्याचे, बांधकाम खात्यात टायपिस्ट. दोघांची गाठ पडलेली नव्हती आणि पडायची शक्यताही नव्हती. पण त्या गायकाची नवी कॅसेट ऐकल्यावर नानांनी दाढी करणं सोडलं, आखाजीच्या सणाला पुरणपोळीचं ताट परत केलं, आणि शेजारणीनं काळजीनं चौकशी केली तेव्हा मान खाली घालून सांगितलं, "आवाज गया." अक्का, म्हणजे नानांची बायको, त्या दिवशी लाजेनं पाण्यालासुद्धा बाहेर आल्या नाहीत.

मी नानांच्याच कचेरीत आणि त्यांच्याच गल्लीत. त्यामुळे अक्कांच्या खालोखाल लाज माझ्या वाट्याला येई. लग्नाच्या वरातीत नाना बँडवाल्याला थांबवून "बुवाचं काही येतं का?" असं विचारत, तेव्हा मी दुसऱ्याच्या वरातीत आल्यासारखा उभा राहायचो. गायकाचे केस खांद्यापर्यंत आणि दाढी छातीपर्यंत, म्हणून धुळ्यात त्याचं नाव बुवा पडलं होतं. खरं नाव नानांना टाइप करता येई, उच्चारता येत नसे.

बुवाला खानदेशात आणलं फैजपूरच्या भास्कर चौधरींनी. हे नानांचे कॉलेजातले खोलीसोबती. चौधरींचा एक मावसभाऊ जहाजावर होता. तो कॅसेट आणी, चौधरी तिची नक्कल काढत आणि केळीच्या फण्यांसोबत पिशवीत घालून एसटीनं धुळ्याला येत. मग रविवारी नानांच्या ओट्यावर आम्ही पाच-सहाजण जमायचो. शब्द कुणालाच कळत नसत. त्यामुळे वाद मोकळेपणानं चालत.

वादाचा विषय कायम एकच. बुवा पहिल्यासारखा राहिला का? एकजण म्हणे, लग्न झाल्यावर तो मवाळ झाला. दुसरा म्हणे, त्यानं दारू सोडली आणि तिथंच गाण्याची वाट लागली. मी आपला दोन्हीकडून मान हलवी. नानांचा निकाल मात्र दरवेळी ठरलेला होता. "पहिला बुवा ऱ्हायना नही, भो." आधी त्याचा आवाज चिरत जायचा, आता गाळात रुतलेल्या रेड्यासारखा येतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ओट्यावर ऐकताना आम्हालाही ते पटायचं. बुवा वर्षागणिक जड होत चालला होता.

मग जुन्या कॅसेटा लावून पडताळा का घेतला नाही, असं कुणी विचारील. जुन्या कॅसेटा झिजू नयेत म्हणून नानांनी त्या वाजवणंच बंद केलं होतं. अक्कांच्या स्टीलच्या डब्यात, गव्हाला घालतात तसा कडुलिंबाचा पाला घालून, त्या ठेवल्या होत्या. जुना बुवा नाना आठवणीतून ऐकायचे आणि नवा टेपवर.

चौधरी एकटेच वेगळं बोलायचे. "बुवानं चाली बदलल्या, वाद्यं बदलली. माणूस तेच तेच किती दिवस गाईल? पण आवाज तोच हाये, रमण." असं शांतपणे म्हणायचे आणि केळं सोलायचे. एका रविवारी त्यांनी हेच पुन्हा म्हटलं आणि नाना भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुना कानम्हा केळं घालेल शे का?"

आम्ही हसलो. मीसुद्धा हसलो, चांगला मांडीवर थाप मारून. चौधरींनी चहा संपवला, रिकामी पिशवी घडी करून बगलेत घेतली आणि बसला अजून अवकाश असताना निघून गेले. पुढच्या महिन्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नाना म्हणत, "केळीचा हंगाम असेल." केळीला बारमाही पाणी लागतं आणि चौधरी बारमाही येत होते, हे नानांनाही माहीत होतं.

पुढं दिवाळीला मी नवा टेपरेकॉर्डर घेतला आणि नानांना बोलावलं. नवीन मशीननं टेप खाल्ली तरी नुकसान नको, म्हणून त्यांनी मुद्दाम बुवाची सगळ्यात नावडती, सगळ्यात ताजी कॅसेट आणली. मी बटण दाबलं. आतून जो आवाज आला तो तरणाताठा होता. चिरत जाणारा.

नाना थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझं मशीन पळतंय." घरी जाऊन डब्यातली जुनी कॅसेट घेऊन आले, कडुलिंबाची पानं झटकली आणि लावली. ती त्यांच्या आठवणीत होती तशीच्या तशी वाजली. ते कॅसेट काढून उठले. मी मागोमाग गेलो. तीच कॅसेट त्यांनी स्वतःच्या टेपवर लावली, तर पहिला बुवासुद्धा रेडा.

मागचं झाकण उघडलं तेव्हा आतला रबरी पट्टा ढिला पडलेला दिसला; त्यामुळे टेप हळू फिरे आणि आवाज जड येई. नानांचा टेप पश्चिमेच्या खिडकीत, लोखंडी पेटीवर असायचा. धुळ्याच्या उन्हानं कितीतरी उन्हाळे तो पट्टा ताणला होता, आणि तितकाच बुवा म्हातारा होत गेला होता. मला हसू फुटत होतं. नानांचा चेहरा पाहून ते घशातच राहिलं. इतका शरमलेला माणूस मी पाहिला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "आन मी भास्करले बहिरा म्हनलो."

रविवारची बैठक त्यांनी पाठदुखीच्या नावाखाली बंद केली. कचेरीत 'कळविण्यात येते'च्या जागी 'कळत नाही' असं टाइप केलं आणि साहेबाची बोलणी खाल्ली. शेवटी एक दिवस म्हणाले, "फैजपूरला येतोस? एकट्यानं धीर होत नाही." येतोय म्हणून त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडून चौधरींना निरोप धाडला आणि आम्ही निघालो.

पारोळ्यापासून जळगावपर्यंत नाना माफीची तालीम करत होते, तीही मोठ्यानं. आधी अहिराणीत, मग कचेरीच्या मराठीत. "सदर दिवशी आपणांस उद्देशून काढलेले उद्गार मागे घेण्यात येत आहेत." पुढच्या बाकावरच्या बाईनं मूल कडेवर घेऊन जागा बदलली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

चौधरींनी दारातच नानांच्या खांद्यावर हात ठेवला. थोडे वाळले होते. "बस," म्हणाले. नानांनी घसा खाकरला, तोच चौधरींनी हात वर केला. "थांब. आधी हे ऐक." त्यांनी स्टुलावरचा टेप सुरू केला. बुवा गायला लागला. जड, रुतलेला, अगदी नानांच्या ओट्यावरचा बुवा.

"तुयंच खरं होतं, रमण," चौधरी म्हणाले. "बुवा थकला. मीच ऐकायला चुकलो."

मी गोंधळलो. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. पण टेपची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली आणि टेप सेलवर चाललेला. कोनाड्यात हातातली बॅटरी उघडी पडली होती, आत सेल नव्हते. टेप हळू चालावा म्हणून बॅटरीचे मरत आलेले सेल मुद्दाम त्याला घातले होते. भांडण नानांनी जिंकावं आणि माणूस परत यावा, म्हणून.

हे नानांनाही दिसलं. गप्प बसले असते तर जिंकून धुळ्याला परतता आलं असतं. ते उठले, वायर सोडली, एक टोक टेपला लावलं आणि दुसरं बोर्डात. बुवा गाता गाता एकदम तरणा झाला.

चौधरींनी मान खाली घातली. दोन पन्नाशीची माणसं एकमेकांकडे न बघता गाणं ऐकत होती, आणि त्यांच्यामध्ये आपण बसलोय याचीच मला लाज वाटत होती.

गाणं संपल्यावर नाना म्हणाले, "मना टेपना पट्टा ढिला व्हयेल व्हता, भास्कर." बसमधलं एकही वाक्य त्यांना आठवलं नाही.

"मले माहीत होतं," चौधरी म्हणाले.

"कवयपासून?"

"पह्यल्यापासून. मी घरून ऐकूनच येत होतो ना."

"मंग सांगं का नही?"

"एवढ्या लोकांसमोर?" चौधरी म्हणाले. "तू त्यांच्यात बुवाचा जाणकार होता, भो."

नानांनी खांद्यावरचा रुमाल काढून तोंडावर धरला. आतून म्हणाले, "तू गया तवयपासून मले एक बी गानं गोड लागनं नही." चौधरींनी उठून कॅसेट उलटी केली, आणि आत चहाचं सांगतो असं म्हणून मी त्या खोलीतून बाहेर पडलो.