तापीचा काठ किती भार सोसतो?

साल त्रेसष्टचं असावं. ग्रामसेवक बन्सीलालनं भाईदास पाटलांच्या ओट्यावर बसून छातीठोकपणे सांगितलं, "पाटील, हा तक्ता असा भरतो, की साहेब मला याच गावात कायम करतील!"

बिचारा हंगामी होता. कायम झाला नाही, तर बदली थेट सातपुड्याच्या डोंगरात, धडगावला, हे ऐकून त्याची झोप उडाली होती. इथं तापी होती, रोजचं दूध होतं, आणि पुढच्या महिन्यात बायको यायची होती.

तक्ता होता समुद्रकाठच्या गावांचा. तुमचा किनारा माणसं, जनावरं, होड्या यांचा किती भार सोसतो? कुठल्याशा कारकुनानं तो चुकून खानदेशात धाडला होता.

"आठे समुद्र कोठे शे, भाऊसाहेब?" पाटलांनी विचारलं.

"तापी शेवटी जाते कुठं? समुद्रातच ना! आणि सरकारी कागद कोरा परत पाठवायचा नाही, हा आपला नियम!"

कोतवालानं दवंडी दिली: उद्या सकाळी माणसांजनावरांसकट काठावर या, मोजणी आहे!

आता, सरकार माणसं मोजतं म्हणजे रेशनची साखर वाढणार, हे गावात कुणाला सांगावं लागतं का? सकाळी काठावर जत्राच! सहाशेंच्या गावात अकराशे डोकी! जसोदाबाई तर माहेर अख्खं घेऊन आली होती.

"मन्ही बहीण शे, तिन्हा नवरा शे, आन्‌ या तिन्या तीन म्हशी. समदं लिखा!"

"म्हशींना साखर नसते, बाई!"

"मंग चहा काय बिनदूधना करतस?"

 बन्सीलालनं सगळं लिहिलं. आकडा मोठा तर अहवाल मोठा! तोवर साडेतीनशे म्हशी पाण्यात उतरल्या, तापीचा चिखल झाला, आणि रेवजी नावाडी नाव घेऊन पार पलीकडच्या काठाला पळाला. बन्सीलालनं तेही प्रामाणिकपणे लिहिलं: पाणी गढूळ, मासे दिसले नाहीत, होडी एक, तीही पळाली.

महिन्याभरात उत्तर आलं. "काठावर भार दुप्पट आहे. बाहेरून आलेले इसम हलवावेत व त्यांची नावं कळवावीत."

पण साखर मिळत नाही म्हटल्यावर पाहुणे केव्हाच आपापल्या गावी गेले होते. बन्सीलालनं दारोदार विचारलं. शेवटी पाटील शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, बाहेरना आते तुम्हीच एकला शेतस."

कागद तर कोरा पाठवायचा नाही! साहेब कशाला वाचतात, असं म्हणत बन्सीलालनं स्वतःचं नाव लिहून टाकलं.

साहेबांनी नेमकं तेवढंच वाचलं. आठ दिवसांत धडगावचा हुकूम हातात पडला. बन्सीलालला खरंच रडू आलं. गाव निरोपाला काठावर जमलं, तेव्हा जसोदाबाई गर्दीतून पुढं आली. तिचेही डोळे भरले होते.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "जाता जाता साखरनं तेवढं विचारी ल्या!"