लाल फडक्यातली वही

१९५६ साल. मध्यभारताचा मध्यप्रदेश होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. फ्रीगंजातले भय्यासाहेब कॉलेजात इंग्रजी शिकवत, पण जीव सगळा फ्रेंचवर. बारा वर्षांत त्यांनी साठ कविता लिहिल्या होत्या. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर फ्रेंच. आता पाँडिचेरीच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं होतं, "महिनाअखेर वही पाठवा, छापतो."

वही एकच होती. आणि बायकोच्या, विजयाबाईंच्या, आवराआवरीचा सपाटा असा, की गेल्या दिवाळीत भय्यासाहेबांचा एक निबंध अनारशांच्या डब्याच्या तळाशी निघाला होता. म्हणून त्यांनी वही लाल फडक्यात पोथीसारखी बांधून आईच्या, म्हणजे अक्कांच्या, देवघरात ठेवली. तिथे कोण हात लावणार?

कार्तिकी पौर्णिमेला ते वही काढायला गेले, तर जागा रिकामी.

"अक्का घेऊन गेल्या रामघाटावर," विजयाबाई म्हणाल्या. "कडा कसरीने खाल्ल्या होत्या. जीर्ण पोथी घरात ठेवू नये, क्षिप्रेत सोडून येते म्हणाल्या."

"आणि तू बघत राहिलीस?"

"मला काय पता? तुम्हीच रोज नमस्कार करत होता तिला!"

भय्यासाहेब अनवाणीच टांग्यात बसले. घाटावर अक्का ओल्या लुगड्यात, प्रसन्न.

"भय्या, बिलकुल घाई नाही केली हो. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, मग सोडली."

"बाबूजी, बड़ी भारी पोथी थी," घाटावरचे पुरोहित पंडाजी म्हणाले. "माताजी को बहुत पुण्य मिला."

भय्यासाहेबांनी नावाड्याला पाण्यात उतरवलं. त्याने बुड्या मारून दोन गाठोडी वर आणली. दोन्ही दुसऱ्याच कुणाच्या पोथ्या निघाल्या.

"अरे, लोकांनी सोडलेलं काय वर काढून राहिलास? पाप लागेल!" अक्का ओरडल्या. त्यांनी भय्यासाहेबांकडूनच, हात जोडायला लावून, दोन्ही पुन्हा पाण्यात सोडवल्या. मग आईचा प्रसन्न चेहरा बघत त्यांनी तिला हात धरून टांग्यात बसवलं.

पुढे मराठी कविता थोड्या आठवल्या, फ्रेंच एकही नाही. प्रकाशकाने दोन स्मरणपत्रं पाठवली, मग तोही गप्प झाला. विजयाबाईंनी त्यानंतर घरातला कागद म्हणून हलवला नाही. वर्तमानपत्रांचे ढीग छताला लागले. अक्का पाच वर्षांनी गेल्या, तोवर त्या पुण्याची गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. भय्यासाहेब निवृत्तीपर्यंत शिकवत राहिले. स्वतःची एकही ओळ पुन्हा लिहिली नाही.

"अक्कांना एकदा तरी खरं सांगायचं होतं तुम्ही," विजयाबाई एकदा म्हणाल्या.

"काय सांगायचं? माझ्या पुस्तकाला हळदकुंकू वाहणारं माणूस पाँडिचेरीत मिळालं असतं का?" भय्यासाहेब म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "पण वाचणारं एखादं मिळालं असतं."