मिसेस टटलचा लखलखीत चेहरा

लॉकपोर्टच्या कालव्याकाठी माणसाचा हुबेहूब चेहरा उतरवून देणारा एकच पठ्ठ्या होता. मी, एरास्टस विक! माझ्या चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर स्वतःला पाहून गावातला वकीलसुद्धा स्वतःला सज्जन समजत घरी जायचा!

तेव्हा लव्हिना टटलशी लग्न करायचं, तर आधी तिच्या आईचं फक्कड चित्र काढून म्हातारीला खिशात घालायचं, असा माझा बेत होता. बेत चोख होता. फक्त मिसेस टटल ही अंडीसुद्धा पुसून मग फोडणारी बाई आहे, एवढंच मी हिशेबात धरलं नव्हतं.

तिला खुर्चीत बसवलं. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमटा लावला, समोर माझी कॅमेऱ्याची पेटी मांडली.

"वीस सेकंद हलायचं नाही, मिसेस टटल!"

"श्वास?"

"हळूच घ्या."

"आणि तुझ्या त्या पेटीवरची धूळ कोण पुसणार?"

उठलीच! पहिला पत्रा गेला. दुसऱ्या वेळी चिमट्याला गंज आहे का, ते बघायला तिने मान वळवली. पत्र्यावर दोन नाकं उतरली! तिसरा मात्र असा जमला, की सुरकुती न् सुरकुती जागच्या जागी.

लव्हिना माझ्या कानाशी कुजबुजली, "आईला गप्प बसलेली पहिल्यांदाच बघतेय रे!"

आता चित्रावर काच बसवायची. पण कालवा गोठलेला, काचांची होडी वाटेत अडकलेली. मिसेस टटलला कुठला धीर! पत्रा तसाच उघडा घरी न्यायला निघाली.

"काच येईपर्यंत बोट लावू नका हं, नुसत्या बोटानंही चित्र पुसतं," मी बजावलं.

"माझी बोटं तुझ्या तोंडापेक्षा स्वच्छ आहेत!"

रविवारी चापून भांग पाडला आणि मागणी घालायला गेलो. शेकोटीवरच्या फळीवर पत्रा उभा होता. लखलखीत. आणि कोरा!

"चित्र कुठंय?" मी फळीकडे धावलो.

"अरे, केवढी काजळी धरली होती त्यावर! जरा तिरपं केलं की माझा चेहरा काळाठिक्कर! राख नि व्हिनेगर घेऊन तासभर घासलं. बोट नाही लावलं हं, फडकं लावलं!"

"अहो, ती काजळी म्हणजेच तुम्ही होतात!"

शब्द सुटला. परत घ्यायची सोय नव्हती.

"ऐकलंस, लव्हिना? मी काजळी!" मिसेस टटलने पत्रा उचलून तोंडासमोर धरला. "आता बघ कशी स्पष्ट दिसते! डोळेसुद्धा मिचकावते! तुझ्या पेटीला जमलं नाही, ते माझ्या राखेनं केलं. नीघ!"

लव्हिनाने तोंडाला एप्रन लावला. ती हसत होती की रडत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

वसंतात कालवा सुटला. काचा आल्या. त्याच होडीतून एक साबणाचा व्यापारीही उतरला. मे महिन्यात लव्हिनाचं त्याच्याशी लग्न झालं! चर्चला निघताना तिने टोपी सारखी केली, ती माझ्याच पत्र्यात बघून.

जोडप्याचं चित्र काढायला अर्थात मलाच बोलावलं. काच आठवणीनं नेली होती. नवरा-नवरी वीस सेकंद तसूभर हलली नाहीत.

चित्र हललं, ते माझा हात पेटीला लागला म्हणून.